प्रकल्प अहवालातील आकड्यांचा माग तुटू नये यासाठी या चुका टाळा

प्रयोगशाळेतील प्रकल्पाचा अहवाल तपासायला घेतला की मी प्रथम निष्कर्षाचे पान उघडतो, तेथील एक आकडा निवडतो आणि त्याच्या मागावर निघतो. तो आकडा कोणत्या आकडेमोडीतून आला, त्या आकडेमोडीतील किमती कोणत्या निरीक्षण तक्त्यातून घेतल्या आणि त्या तक्त्यातील रीडिंग कोणत्या उपकरणाने, किती लीस्ट काउंटने (म्हणजे उपकरणाने मोजता येणाऱ्या किती लहानात लहान मापाने) घेतले, हे सर्व अहवालातच सापडले पाहिजे. बहुतेक अहवालांत हा माग मधेच तुटतो. विद्यार्थ्यांनी प्रयोग मनापासून केलेला असतो, व्हायवात ते उत्तरेही नीट देतात. पण प्रयोगाच्या दिवशी शेजारी उभा नसलेला वाचक केवळ कागदाच्या आधारे तेथवर पोहोचू शकत नाही, आणि अहवाल तर त्याच्यासाठीच लिहायचा असतो. पुढील चुका मला वारंवार दिसतात, आणि त्यांतील बहुतेक या मागाशीच जोडलेल्या आहेत.

रीडिंग सुट्या कागदावर, अहवाल महिनाभराने

पहिली चूक लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी होते. रीडिंग सुट्या कागदावर घेतली जातात, कोणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढतो आणि सादरीकरणाची तारीख जवळ आली की त्या फोटोतून आकडे उतरवले जातात. तोपर्यंत मायक्रोमीटरला शून्य त्रुटी होती का (म्हणजे काहीच मोजत नसताना तो शून्याऐवजी दुसरा आकडा दाखवत होता का), ती वजा केली होती का, तिसरे रीडिंग खोडून पुन्हा का घेतले, हे कोणालाच आठवत नसते. उपकरणाचे नाव, त्याचा लीस्ट काउंट, शून्य त्रुटी, तारीख आणि रीडिंग घेणाऱ्याचे नाव या पाच गोष्टी तक्त्याच्या डोक्यावर त्याच वेळी लिहाव्यात. चुकलेले रीडिंग खरवडून काढू नये. त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी कारण लिहावे. मूळ तक्ते परिशिष्टात जसेच्या तसे जोडावेत.

अपेक्षित उत्तर आधी धरून उलट गणिताने रीडिंग जुळवणे हा याहून गंभीर प्रकार आहे. पाठ्यपुस्तकातील किमतीपासून आपले उत्तर दूर गेले की आपलेच चुकले असे विद्यार्थ्यांना वाटते आणि ते एखादे रीडिंग हळूच सरकवतात. हा मोह मोठमोठ्या संशोधकांनाही चुकलेला नाही. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा प्रभार काढला तेव्हा हवेच्या श्यानतेची (प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत विरोधाची) किंचित चुकीची किंमत वापरली गेल्यामुळे त्यांचे उत्तर १.५९२ × १०⁻¹⁹ कूलोम आले. आज ते १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम मानले जाते. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली एका दीक्षान्त भाषणात दाखवून दिले की नंतरच्या संशोधकांची उत्तरे एकदम योग्य किमतीवर न जाता थोडीथोडी वर सरकत गेली. उत्तर मिलिकन यांच्यापेक्षा फार वेगळे आले की संशोधक त्यात चूक शोधत बसत, आणि जवळ आले की तितक्या कसून तपासत नसत. म्हणून न जुळणारे उत्तर प्रामाणिकपणे मांडून त्याचे कारण शोधणारा अहवाल मला नेहमीच जास्त मोलाचा वाटतो.

कृती पुस्तिकेतून उतरवणे

‘पट्टी क्लॅम्पमध्ये घट्ट बसवावी’ हे वाक्य प्रयोग पुस्तिकेचे आहे, अहवालाचे नव्हे. अहवालात ‘पट्टीचा ४०० मिमी भाग क्लॅम्पबाहेर राहील अशी ती बसवली आणि टोकापासून ५ मिमी आत डायल गेज (सूक्ष्म सरक मोजणारे उपकरण) लावला’ असे, घडले तसे, भूतकाळात आणि मापांसह लिहावे. पुस्तिकेपेक्षा काही वेगळे करावे लागले असेल, तर नेमके तेच सविस्तर लिहिण्यासारखे असते.

‘मानवी चूक’ हे स्पष्टीकरण नव्हे

सर्वांत जास्त गुण येथे जातात, आणि शिकण्यासारखेही सर्वांत जास्त येथेच असते, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. ॲल्युमिनियमच्या कॅन्टिलिव्हर पट्टीच्या, म्हणजे एकाच बाजूला क्लॅम्पमध्ये धरलेल्या पट्टीच्या, मोकळ्या टोकाला वजने लावून, टोक किती खाली झुकते ते मोजून यंग मॉड्युलस (पदार्थाचा ताठपणा दाखवणारी राशी) काढायचा आहे. अहवालात लिहिलेले असते : ‘प्रयोगातून आलेली किंमत ६६.३८२७ गिगापास्कल, प्रमाण किंमत ७० गिगापास्कल, त्रुटी ५.१७ टक्के. त्रुटीचे कारण मानवी चूक.’

या चार ओळींत तीन दोष आहेत. पहिला दोष दशांश स्थळांचा. कॅल्क्युलेटरने दाखवलेले सगळे अंक उतरवल्याने उत्तर अचूक होत नाही. मोजमापात जेवढा नेमकेपणा होता तेवढेच सार्थ अंक उत्तरात ठेवता येतात. दुसरा दोष असा की मोजमापातील अनिश्चितता कोठेच काढलेली नाही. या प्रयोगात पट्टीची जाडी सूत्रात तिसऱ्या घातात येते, त्यामुळे जाडीतील टक्केवारीची अनिश्चितता उत्तरात तिप्पट होऊन उतरते. ३ मिमी जाडीची पट्टी साध्या मोजपट्टीने अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने मोजली, तर जाडीतच सुमारे १७ टक्के अनिश्चितता राहते आणि उत्तरात ती ५० टक्क्यांपर्यंत जाते; म्हणजे बाकी सगळे कितीही काळजीपूर्वक केले तरी त्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही. तीच जाडी ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरने मोजली, तर जाडीतील अनिश्चितता ०.३३ टक्के आणि उत्तरातील तिचा वाटा केवळ १ टक्का होतो. लांबीही तिसऱ्याच घातात आहे, पण ४०० मिमी लांबीत १ मिमी इकडेतिकडे झाला तरी उत्तरावर पाऊण टक्क्याचाच परिणाम होतो. कोणते माप किती जपून घ्यायचे, हे ही आकडेमोड आधी केल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच ती प्रयोगाच्या आधी करावी, असा माझा आग्रह असतो.

तिसरा दोष ‘मानवी चूक’ या शब्दांचा. समजा, सगळी मापे लक्षात घेऊन उत्तर ‘६६ ± २ गिगापास्कल’ असे आले. ७० ही किंमत त्या मर्यादेच्या बाहेर पडते, याचा अर्थ रीडिंग घेताना होणाऱ्या किरकोळ इकडेतिकडे फरकांनी हे अंतर भरून निघत नाही आणि उत्तर सतत एकाच दिशेला ओढणारे कारण शोधायला हवे. या प्रयोगात ते बहुधा क्लॅम्पमध्ये सापडते. सूत्र क्लॅम्प पूर्ण ताठ धरते. प्रत्यक्षात तो थोडा वळतो, त्यामुळे टोक जास्त झुकते आणि यंग मॉड्युलस कमी निघतो. कारणाची दिशा आणि त्रुटीची दिशा जुळते. क्लॅम्पजवळ दुसरा डायल गेज लावून हे पडताळताही येते. चर्चेच्या विभागात एवढे लिहिले, तर पाच टक्क्यांची त्रुटी हा त्या अहवालाचा सर्वांत सरस भाग ठरू शकतो. कारण लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या कारणामुळे उत्तर वाढेल की घटेल? याचे उत्तर देता येत नसेल, तर ते कारण अजून सापडलेले नाही.

आलेखात होणारी फसगत

सरळ रेषेत यायला हवे असलेले बिंदू स्प्रेडशीटमध्ये वाकडे दिसू लागले, तर रीडिंगवर संशय घेण्याआधी आलेखाचा प्रकार पाहावा. ‘लाइन’ प्रकारचा आलेख आडव्या अक्षावरील किमती संख्या म्हणून घेत नाही, नुसती नावे म्हणून समान अंतरावर मांडतो. त्यामुळे १, २, ५ आणि १० न्यूटन ही वजने सारख्याच अंतरावर बसतात आणि सरळ रेषेला बाक येतो. ‘स्कॅटर’ प्रकार निवडला की आलेख सरळ होतो. मोजलेले बिंदू ठळक खुणांनी दाखवावेत, ते एकमेकांना जोडू नयेत, आणि त्यांच्यामधून सिद्धान्ताला अनुसरून एकच रेषा काढावी.

रेषा आरंभबिंदूतून जात नसेल, तर तिला ओढूनताणून तेथून नेऊ नये. वरच्या प्रयोगात असे झाले, तर बहुधा डायल गेज शून्यावर न आणताच रीडिंग सुरू केलेले असते. एकेका रीडिंगऐवजी रेषेच्या उतारावरून उत्तर काढले, तर हा दोष आपोआप गळून पडतो.

ट्रेंडलाइनच्या, म्हणजे स्प्रेडशीटने बिंदूंमधून काढलेल्या रेषेच्या, समीकरणात आणखी एक खोच आहे. पडद्यावर दिसणारे सहगुणक पूर्णांकित केलेले असतात. खरा सहगुणक ०.०००३४ असताना पडद्यावर ०.०००३ दिसला आणि तोच पुढील आकडेमोडीत वापरला, तर त्या पदाची किंमत सुमारे १२ टक्क्यांनी घटते. समीकरणाच्या चौकटीत अंकांची मांडणी बदलून जास्त दशांश स्थळे दाखवावीत. आर-वर्गाची (समीकरण बिंदूंशी किती जुळते ते सांगणाऱ्या आकड्याची) किंमत १ च्या जवळ आली म्हणजे निवडलेले समीकरण योग्यच आहे, असाही समज पक्का झालेला दिसतो. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ साली प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच मांडले होते. चारही संचांची सरासरी, विखुरलेपणा (व्हेरिअन्स), सहसंबंध आणि सरळ रेषेचे समीकरण जवळजवळ सारखेच होते. पण आलेख काढल्यावर एकात साधी विखुरलेली रेषा दिसे, दुसऱ्यात स्पष्ट वक्र, आणि उरलेल्या दोहोंत एकटाच दूरचा बिंदू सगळे उत्तर ओढून नेत असे.

एकके

आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या चिन्हांत लहान ‘एम’ म्हणजे मिली आणि मोठा ‘एम’ म्हणजे मेगा. घाईत एकाच्या जागी दुसरा पडला, तर किंमत शंभर कोटी पटींनी बदलते. संख्या आणि एकक यांच्यामध्ये जागा सोडावी, एकक प्रत्येक आकड्यापुढे लिहिण्याऐवजी तक्त्याच्या स्तंभशीर्षात एकदाच द्यावे, आणि वजन किलोग्रॅममध्ये मोजले असेल तर ते न्यूटनमध्ये नेल्याची पायरी वगळू नये. १९९९ साली ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले, कारण एका संगणक प्रणालीने आवेग पाउंड-सेकंदांत दिला होता आणि दुसरीने तो न्यूटन-सेकंदांत आहे असे धरले होते.

मांडणी बिघडते तेव्हा

अनुक्रमणिका आपोआप तयार होत नाही, अशी तक्रार आली की कारण बहुतेक वेळा एकच निघते : शीर्षके हाताने ठळक केलेली असतात, त्यांना वर्डमधील ‘हेडिंग’ शैली दिलेली नसते. शैली दिली की अनुक्रमणिका आणि विभागांचे क्रमांक दोन्ही जाग्यावर येतात. नवे पान एंटर दाबत राहून सुरू करू नये, पेज ब्रेक द्यावा. नाहीतर आधीच्या पानावर एक ओळ वाढली तरी पुढील सगळा मजकूर सरकतो. सुरुवातीच्या पानांना रोमन आणि मुख्य भागाला साधे क्रमांक हवे असतील, तर दोन्हींमध्ये सेक्शन ब्रेक घालून दुसऱ्या भागाच्या फूटरमधील (पानाच्या तळाशी क्रमांक असतो त्या पट्टीतील) ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करावे लागते. हे बटण विसरल्यामुळे रात्री उशिरापर्यंत झगडणारे कितीतरी गट मी पाहिले आहेत.

तक्त्याचे शीर्षक वर आणि आकृतीचे खाली, हा सर्वसाधारण संकेत आहे. दोन्हींना क्रमांक आपोआप पडू द्यावेत आणि मजकुरात त्यांचा उल्लेख क्रॉस-रेफरन्सने करावा. छापील प्रतीत ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ अशी ठळक ओळ दिसली, तर ज्या शीर्षकाकडे तो दुवा जात होता ते कोणीतरी पुसले आहे किंवा दुसऱ्या सहकाऱ्याच्या फाइलमधून मजकूर चिकटवताना ते मागे राहिले आहे. तो दुवा काढून पुन्हा घालावा, आणि पीडीएफ करण्यापूर्वी संपूर्ण मजकूर निवडून एफ-९ कळ दाबावी. लेटेक या आज्ञा लिहून मांडणी करण्याच्या प्रणालीत क्रमांकाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे आली, तर आधी फाइल आणखी एकदा कंपाइल करून पाहावी. आकृतीऐवजी विभागाचा क्रमांक येत असेल, तर ‘लेबल’ची आज्ञा ‘कॅप्शन’च्या आधी पडलेली असते, ती नंतर न्यावी.

आकृत्या धूसर येण्याचे कारण स्क्रीनशॉट हे असते. ६०० पिक्सेल रुंदीचे चित्र कागदावर ६ इंच रुंद छापले, तर प्रत्येक इंचाला १०० च पिक्सेल मिळतात. छपाईला साधारण ३०० लागतात, म्हणजे चित्र १८०० पिक्सेलचे हवे. आलेख ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढला तेथूनच थेट निर्यात करावा. अहवाल कृष्णधवल छापला जाणार असेल, तर लाल आणि निळी रेषा सारखीच करडी दिसते, त्यामुळे रंगांवर विसंबून न राहता गोल, चौकोन आणि त्रिकोण अशा वेगवेगळ्या खुणा वापराव्यात, आणि बाइंडिंगला देण्याआधी आलेखाचे एक पान त्याच प्रिंटरवर काढून पाहावे.