गाणं ऑनलाइन सोडण्याआधी: वही घ्या, मग बाकीचं

पुण्यात स्वतःची गाणी करणाऱ्या आणि पुढचं गाणं काढायच्या बेतात असलेल्या बँडमंडळींसाठी ही तयारी लिहितोय. मागच्या वेळी आमची यातली एक गोष्ट राहिली आणि ज्यांनी समोर बसून गाणं मागितलं होतं, त्यांनाच ते आल्याचं कळलं नाही. म्हणून ती गोष्ट आधी.

वही. कार्यक्रमानंतर तुम्ही वायरी गुंडाळत असता तेव्हा जी माणसं येऊन ‘ते शेवटचं गाणं कुठे मिळेल?’ असं विचारतात, त्यांचं नाव आणि नंबर तिथल्या तिथे लिहून घ्या. ‘इन्स्टावर आहोत’ एवढं सांगून त्यांना जाऊ देऊ नका. तुमची पोस्ट सगळ्या फॉलोअर्सना दिसतेच असं नाही. स्पॉटिफाय आकडे दाखवतं, शहरं दाखवतं, पण ऐकणाऱ्याचा नंबर देत नाही. ‘नवीन गाणं आलं की मेसेज करू, चालेल ना?’ असं विचारूनच नंबर घ्या, आणि तुमचा नंबर त्यांना लगेच सेव्ह करायला सांगा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवरचा मेसेज तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच जातो. एका यादीत २५६ जण बसतात; सुरुवातीला तेवढे पुष्कळ आहेत. वहीची जबाबदारी बँडमधल्या एकाच माणसाकडे द्या. ‘कोणीतरी घेईल’ म्हटलं की कोणीच घेत नाही.

मिक्स, मास्टर, कव्हर हे तुम्हाला माहीत आहे. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. घरी रेकॉर्डिंग करणार असाल तर गणपतीआधीचे आठवडे टाळा. नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी माइक उघडता येत नाही.

बँडचं नाव आधी सगळीकडे शोधून बघा. त्याच नावाचा दुसरा कलाकार असेल तर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं आणि ते सोडवून आणण्यात पहिला आठवडा जातो. मराठी नाव असेल तर रोमन लिपीतलं स्पेलिंग एकदाच ठरवा. एकीकडे एक ‘ए’, दुसरीकडे दोन, असं झालं की शोधणारा भलतीकडेच पोचतो. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मवर भाषेच्या रकान्यात मराठीच निवडा. डिस्ट्रिब्युटर प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, देतो, तो जपून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच क्रमांक द्यायचा असतो.

अभंग करणाऱ्यांनी नीट वाचा. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, चाल तशी असेलच असं नाही. रेडिओवर ऐकून पाठ झालेल्या चालीला बहुतेक वेळा संगीतकार असतो आणि आपल्या कायद्यात त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. परवानगी काढा किंवा स्वतःची चाल बांधा. स्वतःच्या गाण्यात शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती, हे कागदावर आणा. मैत्री आहे तोवरच आणा. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्वही घ्यावं.

आता तारीख. गाणं डिस्ट्रिब्युटरकडे तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं फक्त रिलीजच्या आधीच सुचवता येतं, नंतर नाही. निदान सात दिवस आधी सुचवलं तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’मध्ये, म्हणजे स्पॉटिफायच्या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये, जातं. म्हणजे फॉलोअर्स आधीपासून हवेत. ते कुठून येणार? वहीतून! तारीख ठरली की वहीतल्या प्रत्येकाला तुमच्या स्पॉटिफाय प्रोफाइलची लिंक पाठवा आणि फॉलो करायला सांगा. अजून वही सुरू केली नसेल तर तारीख पुढे ढकला, एक-दोन कार्यक्रम करा, नावं गोळा करा.

पैसे घेऊन हजारो स्ट्रीम्स मिळवून देणाऱ्यांचे मेसेज येतील. उत्तरही देऊ नका. २०२४पासून स्पॉटिफायवर आधीच्या १२ महिन्यांत १००० वेळा वाजल्याशिवाय गाण्याला मानधन मिळत नाही, म्हणून नवीन बँड घाबरून या सापळ्यात जातात. खोटे स्ट्रीम्स पकडले जातात, दंड डिस्ट्रिब्युटरला बसतो आणि तो तुमचं गाणं काढून टाकू शकतो. वहीतल्या शंभर माणसांनी गाणं दहा-दहा वेळा ऐकलं तरी १००० होतात, आणि ते खरे असतात.

बँडकॅम्पवरही, म्हणजे श्रोत्यांना गाणी थेट विकता येणाऱ्या साइटवर, गाणं ठेवा. विकत घेणाऱ्याचा ईमेल तिथे तुम्हाला मिळतो. तोही वहीत.

रील्स आधीच कापून ठेवा, उभ्या, शब्द देवनागरीत. यूट्यूबच्या वर्णनात पूर्ण गीत टाका. रिलीजच्या सकाळी ब्रॉडकास्ट, एकच लिंक. कमेंट्सना उत्तरं द्या. महिन्याभराने स्पॉटिफायवरची शहरांची यादी उघडा. नाशिक किंवा कोल्हापूर वर आलेलं दिसलं तर तिथल्या जागांना फोन लावा.