ढग भरून आले की बागायतदार करतो त्या चुका: या टाळा

आंब्याला मोहोर फुटल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत माझ्या फोनला उसंत नसते. "पाऊस लागतलो काय?" मी काय हवामान खातं आहे? पण विचारणाऱ्याला पावसाची माहिती नकोच असते, पोटातला गोळा जायला हवा असतो. नेमकी इथेच सगळी गडबड सुरू होते.

"काय ते एकदाचं होऊन जाऊ दे" म्हणून निर्णय घेणं

सगळ्यात महागडी चूक ही.

2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 45 जणांना संगणकावर एक खेळ खेळायला लावला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. झटका बसणारच हे ठाऊक असताना माणसांना आला नाही एवढा ताण, शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजून काढलेला निष्कर्ष आहे हा. टांगणीला लागण्यापेक्षा मनाला नुकसान परवडतं. मग माणूस ते स्वतःच्या हाताने करून घेतो.

आमच्या भाच्याची देवगडात चांगली कलमं आहेत. एका एप्रिलात अवकाळीचा फॉरवर्ड फिरला. जिल्ह्याला यलो अलर्ट होता. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हातपाय हलवा. एवढं वाचायलाही याला धीर नव्हता. मध्यरात्री फोन: "मामा, माका झोप येणा नाय. उद्या सगळो आंबो उतरवतंय." मी म्हटलं, सकाळचं बुलेटिन तरी बघ. उजाडायच्या आत गडी झेले, म्हणजे फळं उतरवायच्या जाळीच्या काठ्या, घेऊन झाडांवर. आंब्याचे खांदे भरले नव्हते, देठाशी खळगा पडला नव्हता, सोळा आण्यांतले जेमतेम दहा आणे तयार. पाऊस आला चार थेंब. अढीत, म्हणजे गवतात रचून ठेवल्यावर, आंबा पिकायच्या ऐवजी सुरकुतला. व्यापाऱ्याने एक फळ उचललं, अंगठ्याने दाबलं आणि न बोलता पेटीत परत ठेवलं.

पुढे मे 2021. तौक्ते वादळाचा इशारा दोन-तीन दिवस आधीपासून होता. भाचा म्हणाला, "गेल्या खेपेक काय झाला? काय्येक होणा नाय." एक फळ काढलं नाही. 16 तारखेला वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि कलमांखाली आंब्यांचा खच पडला. लोक म्हणतात, आधी घाबरट होता, मग बेफिकीर झाला. मला विचाराल तर दोन्ही वेळा चूक एकच. "अजून माहीत नाही" हे दोन दिवस खिशात घेऊन फिरणं त्याला जमलं नाही.

मी काय करतो? ऊन असतानाच कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवतो: ऑरेंज आला तर समुद्राकडची कलमं आधी, तीही बारा आण्यांच्या पुढचीच, बाकीचं उद्या बुलेटिन बघून. ढग आल्यावर नवा विचार करायचा नाही, लिहिलेलं वाचायचं. यात शास्त्र नाही, सवय आहे. नवीन पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना ॲप हवं असतं.

दर दहा मिनिटांनी वाऱ्याचा नकाशा बघणं

गणपतीच्या वेटिंग तिकिटाचा पीएनआर सारखा तपासून सीट मिळत नाही. बुलेटिन सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बस.

मनासारखा पडेपर्यंत कौल लावणं

देवाला विचारून घेतलेल्या कौलाला हसणाऱ्यांतला मी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मलिनोव्हस्की नावाचा अभ्यासक न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला होता. आतल्या शांत पाण्यात मासे धरताना तिथली माणसं मंत्रतंत्र करत नसत. खुल्या, बेभरवशाच्या समुद्रात जायचं असलं की मात्र सगळं यथासांग. आपल्याकडे वेगळं काय आहे? खाडीत तिसऱ्या (शिंपले) काढायला जाताना गाऱ्हाणं कोण घालतं? आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तिथीवर नाही, देवीच्या कौलावर ठरते. ती जाहीर झाली की मुंबईचे चाकरमानी मुकाट तिकिटं काढतात. कौलाने घोळ संपतो, तोच त्याचा फायदा. डावा, म्हणजे नकाराचा, पडला म्हणून पुन्हा लावायचा, मग दुसऱ्या देवळात जायचं, हा घोळ वाढवायचा धंदा.

"आता पन्नास वर्षं बघायला नको"

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोलीकडे हे किती जणांनी ऐकवलं! वर्ष व्हायच्या आत तौक्ते आलं. हापूस एक वर्षाआड धरतो, वादळाला तसा काही नियम नाही.

दहा जणांना विचारणं

अकरा उत्तरं मिळतात.

ढगाळ दिवशी बागेचा सौदा करणं

आभाळ आलं की खंडाने, म्हणजे ठरीव रकमेला हंगामापुरती, बाग घेणाऱ्याचा फोन येतो, तो काही योगायोग नसतो. तुमचा जीव टांगणीला आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि त्याचीच तो किंमत लावतो. घरी आला तर चहा द्या, फणसाचे गरे द्या, आकडा मात्र बोलू नका. उघडीप झाल्यावर या म्हणावं. खरंच बाग हवी असेल तर येतो.