कॅपाडोशियाची ग्रीन टूर करताय? मग हे वाचा

तुर्कीत कॅपाडोशियाला गेलात की बलूनचे फोटो सगळेच काढतात, पण एक अख्खा दिवस ग्रीन टूरला, म्हणजे भूमिगत शहर, इहलारा दरी आणि सेलिमेचा मठ दाखवणाऱ्या दिवसभराच्या सहलीला द्याच. बुक करताना आधी विचारा की भूमिगत शहर कुठलं दाखवणार, देरिनकुयू का कायमाकली, आणि तिकिटं, जेवण धरलंय का.

देरिनकुयू साधारण ८५ मीटर खोल आहे, १९६३ मध्ये परत सापडलं. आत वाटा इतक्या अरुंद की एकामागे एक वाकून चालावं लागतं, म्हणून पाठीवरची मोठी सॅक गाडीतच ठेवा, आणि बंद जागेत घाबरायला होत असेल, गुडघे दुखत असतील तर गाइडला वर असतानाच सांगा, मधूनच मागे फिरणं सोपं नसतं. खाली जात्यासारखे गोल दगडी दरवाजे दिसतील, ते फक्त आतून ढकलून बंद करायचे, मधल्या भोकातून बाहेरच्यावर नजर. तिथे दोन मिनिटं थांबाच, हल्ला झाला की माणसं गुरंढोरं घेऊन इथे लपायची हे तेव्हा खरं कळतं. उन्हाळ्यातही आत गार असतं, पातळ जॅकेट घ्या.

मग इहलारा दरी. मेन गेटने गेलात तर साडेतीनशेच्या वर पायऱ्या उतरायच्या, बूट ग्रिपवालेच हवेत. पूर्ण दरी साधारण १४ किमी आहे पण टूरवाले तीन-चारच चालवतात, मेलेंदिझ नदीच्या कडेने, झाडांच्या सावलीत, मस्त. कातळातल्या चर्चमधली जुनी चित्रं बघा, फ्लॅश मात्र मारू नका प्लीज. शेवटी सेलिमेचा मठ, तिथे चढ आहे, पाणी उरवून ठेवा.