हाफ सेलच्या आकड्यांवर इलेक्ट्रोलाइट ठरवू नका

केपीआयटी कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये पुण्यात सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं, तेव्हापासून या विषयात पीएचडी करू पाहणारी मुलं मला सारखं विचारतात, "दादा, इलेक्ट्रोलाइट (दोन इलेक्ट्रोडमध्ये आयन वाहून नेणारं द्रावण) कोणता घेऊ?" या एका प्रश्नात माझे आठ महिने गेले, तेही उलट्या दिशेने.

मी हार्ड कार्बनवर, म्हणजे या बॅटरीच्या ॲनोडच्या कार्बनवर काम करत होतो. पाच इलेक्ट्रोलाइट घेतले, चार कार्बोनेट सॉल्व्हंटचे आणि एक डायग्लाइम या ईथर सॉल्व्हंटचा. सगळे कॉइन सेल (नाण्याएवढे चाचणी सेल) सोडियम धातूसमोर बांधले, यालाच हाफ सेल म्हणतात. ईसी-डीईसीमध्ये (इथिलीन कार्बोनेट आणि डायइथिल कार्बोनेटचं मिश्रण) ग्रॅममागे 190 मिलिअँपिअर-तास मिळाले, डायग्लाइममध्ये 280. कार्बोनेट बाद, असं ठरवून मी ते ग्रुप मीटिंगमध्ये मांडलंसुद्धा. पुढे सोडियम धातूऐवजी 4 व्होल्टच्या वर जाणाऱ्या कॅथोडबरोबर फुल सेल बांधला, तर डायग्लाइमचं ऑक्सिडेशन होऊन सेल बसला. मी बाद केलेला ईसी-डीईसी मात्र नीट चालला.

चूक कुठे होती ते नीट समजून घ्या, कारण यात जवळजवळ प्रत्येक नवखा अडकतो. हार्ड कार्बनची बरीचशी क्षमता 0.1 व्होल्टच्या खालच्या प्लॅटोमध्ये (व्होल्टेज जवळजवळ स्थिर राहतं तो सपाट भाग) असते आणि आपण डिस्चार्ज शून्य व्होल्टला थांबवतो. सायकलर (सेल चार्ज-डिस्चार्ज करणारं यंत्र) दाखवतो तो दोन्ही इलेक्ट्रोडमधला फरक. कार्बोनेटमध्ये सोडियमवर जाड, अस्थिर थर बसतो, त्यातून सोडियम बाहेर पडायला जादा व्होल्टेज लागतं. माझ्या करंटला ते 80 मिलिव्होल्ट होतं. म्हणजे सायकलरवर शून्य दिसलं तेव्हा कार्बन अजून 80 मिलिव्होल्टवरच होता आणि प्लॅटोचा मोठा भाग वापरलाच गेला नव्हता. डायग्लाइममध्ये सोडियम शांत राहतो, म्हणून तिथे आकडा मोठा दिसला. मी आठ महिने कार्बन मोजतोय असं समजत होतो. मोजत होतो सोडियम.

सेल उघडला असता तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. ग्लोव्हबॉक्समध्ये ब्लेडने कापल्यावर आरशासारखा चकाकणारा सोडियमचा तो तुकडा तपकिरी, खडबडीत झाला होता आणि ग्लास फायबर सेपरेटरला त्या बाजूने पिवळे डाग पडले होते.

म्हणून आधी सोडियम-सोडियम सिमेट्रिक सेल लावा, त्याच इलेक्ट्रोलाइटमध्ये, त्याच करंटला, म्हणजे सोडियमला किती जादा व्होल्टेज लागतं ते कळेल. मग तीन इलेक्ट्रोडचा सेल, त्यात तिसरा इलेक्ट्रोड फक्त व्होल्टेज मोजायला असतो. तो बांधणं किचकट आहे, माझे पहिले सहा शॉर्ट झाले. तरीही तो टाळू नका. एफईसी (फ्लोरोइथिलीन कार्बोनेट) या ॲडिटिव्हचा निकाल तर हाफ सेलवरून लावूच नका. तो कार्बनवर चांगला थर बसवतो, पण सोडियम धातूवरचा अडथळा वाढवतो.

बाकीचं थोडक्यात. सॉल्ट घालण्याआधी सॉल्व्हंट कोरडा करा आणि कार्ल फिशरवर (पाण्याचं प्रमाण मोजणारं यंत्र) पाणी 20 पीपीएमच्या खाली आलंय का बघा. हेक्झाफ्लोरोफॉस्फेट सॉल्टला पाणी मिळालं की एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) तयार होतो. द्रावण गढूळ राहिलं तर सॉल्टच्या शुद्धतेवर शंका घ्या. परक्लोरेट स्वस्त पडतं, पण कोरडं परक्लोरेट सेंद्रिय पदार्थांसोबत स्फोटक असतं, तिथे धाडस नको. टीएफएसआयचा सॉल्ट चढ्या व्होल्टेजला ॲल्युमिनियम फॉइल खातो.

पेपरमधली रेसिपी जशीच्या तशी उचलणं मला पटत नाही. त्यांचा कार्बन वेगळा, कटऑफ वेगळा. आणि गाईड निवडताना पेपर मोजण्यापेक्षा ते बिघडलेला सेल तुमच्यासोबत उघडून बघतात का, हे सीनियरना विचारा. माझ्या लॅबमध्ये तसं कोणी नव्हतं.

तुमचेही आकडे सध्या विचित्र येत असतील तर घाबरू नका, तुमचा कार्बन बहुधा ठीक आहे. जुने सेल फेकू नका. माझ्याकडचे कार्बोनेटचे चार सेल मी उघडले, कार्बनचे तेच इलेक्ट्रोड धुऊन ताज्या सोडियमसमोर कमी करंटला पुन्हा लावले आणि तिघांचा प्लॅटो परत आला.