पत्नीच्या रोजच्या वापरासाठी मॅन्युअल सेडान निवडताना
साताऱ्यात पोवई नाक्यावरून समर्थ मंदिराकडे रोज गर्दीत गाडी चढवायची असेल, तर सर्वप्रथम क्लच पारखावा. तो पूर्ण दाबताना गुडघा ताणला जातो का, हे आसन आपल्या उंचीप्रमाणे लावून जी गाडी चालवणार आहे तिनेच तपासावे. पतीने शेजारी बसून निर्णय देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. होंडा सिटीचे १.५ लिटरचे टर्बोविरहित (दाबाने जादा हवा भरणारे यंत्र नसलेले) इंजिन कमी वेगातही सलग ओढते, तर फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया यांचे १ लिटरचे टर्बो इंजिन सुरुवातीला किंचित रेंगाळते. मात्र त्यांचा १७९ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि रस्ता यांतील अंतर) गतिरोधकांवर उपयोगी पडतो. चाचणी यवतेश्वर घाटात घ्यावी आणि चढावर थांबून पुन्हा निघताना हिल होल्ड (गाडी काही क्षण मागे घसरू न देणारी सोय) कितपत साथ देते, हे अवश्य पाहावे.