सहावी-सातवीचं गणित-विज्ञान: जूनची सुरुवात कशी करायची

शाळा उघडली (विदर्भात उन्हामुळे जरा उशिराच) की लगेच पहिला धडा काढू नका. आधी अपूर्णांक तपासा. फळ्यावर १/२ + १/३ लिहा, किती पोरं २/५ म्हणतात बघा, बरीच म्हणतील, ओरडू नका, कागदाची पट्टी सहा भागांत दुमडायला लावा, अर्ध्याचे तीन भाग नि तृतीयांशाचे दोन, मिळून ५/६, हे डोळ्यांना दिसलं की लसावि आपोआप गळी उतरतो. यात आठवडा गेला तरी जाऊ दे, गुणोत्तर, शेकडेवारी सगळं यावरच उभंय.

विज्ञानाला पाऊस आयताच मिळतो. सरळ बाजूंची बाटली वरून कापा, तेच टोक नरसाळ्यासारखं उलटं बसवा, बुडात खडे नि थोडं पाणी, त्या पातळीला शून्य धरून पट्टी चिकटवा. झालं पर्जन्यमापक. रोज एकाच वेळी मिमी लिहायचे, मोजून झालं की पाणी परत शून्यावर आणायचं (हे पोरं हमखास विसरतात). १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी, मग वर्गाच्या पत्र्यावर किती पडलं ते त्यांनाच काढू द्या. पुस्तकं आली नसतील तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ आहेत.