पडद्यावरच्या क्लूडोत लिफाफा कसा ओळखावा

अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रचलेला आणि वॉडिंग्टन्स या ब्रिटिश कंपनीने १९४९ मध्ये बाजारात आणलेला क्लूडो हा खुनाचा छडा लावण्याचा पटावरचा खेळ आता मोबाइलवरही खेळता येतो. मार्मालेड गेम स्टुडिओची आवृत्ती त्यांपैकीच एक. ६ संशयित, ६ हत्यारे आणि ९ खोल्या यांच्या ३२४ जोडण्यांपैकी लिफाफ्यात दडलेली एकच जोडणी शोधायची, हे मूळ काम तेच आहे. लिफाफ्यातले तीन पत्ते सोडून बाकीचे खेळाडूंत वाटलेले असतात; पाळी आलेला खेळाडू एक संशयित, एक हत्यार आणि एक खोली यांविषयी विचारतो आणि ज्याच्याकडे त्यांपैकी पत्ता असेल तो एक पत्ता फक्त त्यालाच दाखवतो. फरक इतकाच, की घरच्या डावात एखाद्याच्या नजरेतून हातातला पत्ता सुटला तर सगळ्यांचे तर्क कोसळतात, तर संगणक असा घोटाळा होऊ देत नाही. त्यामुळे एखाद्या खेळाडूने ‘नाही’ म्हटले, की विचारलेल्या तीनपैकी एकही पत्ता त्याच्याकडे नाही, हे निःशंकपणे धरावे.

आपोआप होणारी नोंद बहुधा आपले पत्ते आणि आपल्याला दाखवलेले पत्ते यांपुरतीच असते. खरी माहिती मात्र इतरांच्या प्रश्नोत्तरांत असते. म्हणून शेजारी कागद ठेवावा, प्रत्येक खेळाडूसाठी एक रकाना आखावा आणि कोणी काय विचारले, कोण नाही म्हणाले, कोणी पत्ता दाखवला, हे दर वेळी लिहावे. समजा, कोणी कर्नल मस्टर्ड, दोरी आणि ग्रंथालय विचारले व दुसऱ्याने त्यातला एक पत्ता दाखवला. दोरी तुमच्या हातात असेल आणि मस्टर्ड तिसऱ्याकडे असल्याचे आधीच कळले असेल, तर ग्रंथालय त्या दुसऱ्याकडेच आहे; तो पत्ता तुम्ही पाहिलेला नसला तरी.

स्वतः विचारताना तीनपैकी एक-दोन पत्ते आपल्याच हातातले घ्यावेत, म्हणजे मिळणारे उत्तर नेमके उरलेल्या पत्त्याविषयी असते. इतरही हीच युक्ती करतात. म्हणून एखाद्याच्या प्रश्नावर कोणीच काही दाखवले नाही, तरी ते पत्ते लिफाफ्यातच असतील असे नाही, त्याच्या स्वतःच्या हातातही असू शकतात. ज्या खोलीविषयी विचारायचे, तिथे आधी पोहोचावे लागते; ती गाठण्यासाठी फाशावर विसंबण्यापेक्षा स्वयंपाकघर ते अभ्यासिका ही कोपऱ्यातली गुप्त वाट वापरावी.

आरोप म्हणजे लिफाफ्यातले तीन पत्ते कोणते ते जाहीर करणे. तो चुकीचा ठरल्यास तुम्हाला पुढे केवळ पत्ते दाखवण्यापुरते उरावे लागते, त्यामुळे एरवी घाई करू नये. मात्र दोनच जोडण्या उरल्या असतील आणि प्रतिस्पर्ध्याचा प्रश्न नुकताच अनुत्तरित राहिला असेल, तर त्याची पुढची पाळी येण्याआधी आरोप करणेच, माझ्या मते, शहाणपणाचे ठरते.